आत्याने आरसा फिरवला

आमच्या आत्याचा विश्वास कशावरच नाही. भाजीवाल्याने तोलून दिलेली पिशवी ती पुन्हा स्वतःच्या हातात तोलून बघते. कुलूप लावून तीनदा ओढते. अशा बाईला आमच्या कार्यशाळेने अकरा वर्षांपूर्वी आरशांचा आकार मोजायला बसवलं, आणि तिच्या स्वभावाला पगार सुरू झाला. सगळे तिला शंकाबाई म्हणतात. तिच्या सहीशिवाय एकही आरसा दाराबाहेर जात नाही.

हे आरसे तोंड बघायचे नव्हेत; अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीचे. क्ष-किरण समोरून आले तर काचेत घुसतात. पाण्यावर चपटा दगड टप्पे घेतो तसे तिरके घासून गेले तरच ते वळतात. त्यासाठी किंचित वाकवलेल्या पातळ काचा एकात एक बसवायच्या. आता एवढ्या पातळ काचेला कुठे ना कुठे पोचा पडणारच. तो काढणं हे माझं काम. माझ्या काचेच्या पाठीवर एक थर आहे, त्याचे दोनशे चौकोन, प्रत्येकाला केसाएवढी तार. ज्या चौकोनाला वीज द्यावी तो तिथे काचेला इवलंसं ओढतो. आत्या मोजायची, मी वीज कमीजास्त करायची, ती पुन्हा मोजायची.

दोन वर्षांनी एकदाचा तिच्या यंत्रावर माझा आरसा निर्दोष दिसला. सोमवारी तो क्ष-किरणांच्या चाचणीला जायचा होता. ही पाळी हुकली तर पुढची दहा महिन्यांनी, आणि माझी नेमणूक उरलेली सहा महिन्यांची. शुक्रवारी सकाळी आत्याने सहीचा कागद बाजूला सारला.

"इतका चांगला आरसा मी आजवर पाहिला नाही," ती म्हणाली.

"मग कर ना सही."

"म्हणून तर करत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाचीचं नाव होतंय ते हिला बघवत नाही, दुसरं काय! सख्खी आत्या मला पाण्यात पाहते, असं मला खरंच वाटलं. ती कार्यशाळेच्या प्रमुखांच्या खोलीत गेली की मी दाराकडे कान लावून बसत होते. ती माझ्या वहीत डोकावली तर वही मिटत होते.

दुपारी तिने विचारलं, "तारा नेहमी डावीकडूनच का येतात गं?"

"स्टँडच तसा आहे."

"म्हणजे आरसा कायम एकाच बाजूने बसलाय. टोकं बदलून बसव. खरंच चांगला असेल तर कसाही बसवला तरी चांगलाच दिसेल."

मी दातओठ खात तारा लांबवल्या, आरसा फिरवला. पडद्यावर एका बाजूला भलामोठा उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच खळगा आला. दोष यंत्राच्या भिंगात होता. ज्या भिंगाशी ताडून आम्ही मोजत होतो तेच जरासं वाकडं, आणि दोन वर्षं मी आरसा सरळ करत नव्हते, त्या वाकडेपणाला जुळवत होते.

"झालं तुझं समाधान?" मी रडतच म्हणाले.

तिचं लक्षच नव्हतं. भिंतीवर लावलेल्या यंत्राच्या प्रमाणपत्राकडे ती बघत होती. "याच्यावर मात्र मी कधी शंका घेतली नाही," ती म्हणाली. मग तिने प्रमुखांना बोलावलं आणि सरळ सांगितलं, "अकरा वर्षांत मी पास केलेले एकेचाळीस आरसे याच यंत्रावर, याच बाजूने मोजलेत. सगळे पुन्हा तपासा."

"बाई, ते चौकटीत कायमचे चिकटलेत," प्रमुख म्हणाले.

"तरी तपासा."

ते गेल्यावर तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. "डोळे पूस. दोन्ही बाजूंनी मोजू, खरा आकडा निघेल. तू वीज बदल. उद्या-परवा बसलो तर सोमवारी तुझा आरसा जाईल."

मला माझीच लाज वाटली. मी विचारलं, "आणि तुझे एकेचाळीस?"

ती माझ्या आरशाच्या तारा हलक्या हाताने नीट करत होती.

"त्यांना तारा नाहीत गं."