सुकटीच्या वासाचा केक

सूनबाईने आज आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला खारघरहून स्ट्रॉबेरीचा फ्रेंच केक आणला. डबा उघडताच त्या वासाने मला पनवेलच्या भाड्याच्या खोलीत नेलं.

लग्नाला वर्ष झालं म्हणून मी असाच केक केला होता. मधे दाट क्रीम, कडेने उभ्या लावलेल्या अर्ध्या स्ट्रॉबेऱ्या. तो फ्रिजमध्ये ठेवला, पण खालच्या कप्प्यात सासूबाईंनी गव्हाणहून पाठवलेली सुकट आहे, हे मी विसरलेच. सगळ्या क्रीमला तिचा वास! मला रडूच फुटलं. हे मात्र दुसरा तुकडा घेत म्हणाले, "रडतेस कशाला? आता कुठं आपल्या घरचा झाला हाय."

मला वाटलं, समजूत काढतायत.

आज यांनी एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "चांगला हाय. पन आपला नाय."