अध्यक्ष उठले नाहीत

अध्यक्ष एकदा खुर्चीत बसले की आभारप्रदर्शन झाल्याशिवाय उठत नसत. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात वावटळीने मंडपाची एक बाजू उचलून नेली. बायापोरं सैरावैरा पळाली, पाहुणे टेबलाखाली शिरले, आणि अध्यक्ष एका हाताने टोपी व दुसऱ्या हाताने मंडपाचा बांबू धरून जागच्या जागी बसून राहिले. मी माइकवर होतो, त्यामुळे मलाही पळता येईना. "मास्तर, आभार उरका," एवढंच ते म्हणाले. रिकाम्या मैदानाचे आभार मानणारा मी जिल्ह्यातला पहिलाच सूत्रसंचालक असेन.

ते कशाचे अध्यक्ष होते, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. कधीकाळी दूध सोसायटीचे होते म्हणतात. पुढे सोसायटी बुडाली, गाई विकल्या गेल्या, अध्यक्ष मात्र राहिले. सिरसाळ्याच्या आसपासच्या गावांत शेवयांच्या मशीनचं उद्घाटन असो, साखरपुडा असो की शोकसभा, मधली खुर्ची त्यांची आणि कोपऱ्यातला माइक माझा. हायस्कुलात मराठी शिकवून मी निवृत्त झालो, पण अध्यक्षांनी मला या कामातून शेवटपर्यंत निवृत्त होऊ दिलं नाही.

त्यांचं भाषणही ठरलेलं असे. "मंडळी, कार्यक्रम चांगला झाला. असेच कार्यक्रम करत ऱ्हावा. मला बोलावलं, बरं वाटलं." शोकसभेतही ते दोन-तीनदा हेच बोलले होते, आणि लोकांनी तेही गोड मानून घेतलं होतं. विनोद त्यांना सांगता येत नसे. गळ्यात तुळशीची माळ, कपडे पांढरेशुभ्र, बोलणं मोजकं. पंगतीत कुणी शिंकलं तर ताट बाजूला सरकवणारा हा माणूस. त्यांच्यासमोर चावट बोलायची कुणाची छाती नव्हती.

बसण्याबद्दल मात्र ते मनापासून बोलत. एकदा एक पुढारी हार गळ्यात घालून घेऊन पाच मिनिटांत निघून गेला आणि त्याच्यामागे अर्धा मंडप उठला. स्टेजवर चौथीतली एक पोर नाचत होती. तिला नाच पुढे चालू ठेवावा की थांबावं कळेना. त्या रात्री अध्यक्ष माझ्या मोटारसायकलवर मागे बसून घरी निघाले. मग म्हणाले, "मास्तर, उठायचंच आसंल तर बसायचं कावून? आपन उठलो की गाव उठतं. त्या लेकराचं तोंड बगितलं का तुमी?"

हा रिवाज आमच्या अंगवळणीच पडलेला आहे. पंगतीत म्हातारं माणूस जेवून उठल्याशिवाय बाकीचे उठत नाहीत, तसंच सभेचं. अध्यक्ष बसले आहेत तोवर गाव बसतं. या रिवाजापायी गावाला एके दुपारी काय काय बघावं लागलं, ते आता सांगतो.

सोपानराव मेंढरंवाले आमच्या गावचे. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन, माणूस करारी. त्यांची मनीषा पुण्याला शिकायला गेली आणि सिनेमाचं खूळ घेऊन परत आली. एका उन्हाळ्यात चार मित्रमैत्रिणी आणून तिने गावातच सिनेमा काढला. निम्म्या गावाने त्यात काम केलं. पण प्रत्येकाला आपापला तुकडा तेवढा माहीत. कुणाला पळायला सांगितलं, कुणाला पोट धरून बसायला. सिनेमाचं नाव होतं 'जेवल्याशिवाय जाऊ नये'. एवढं सोज्वळ नाव, लग्नाची गोष्ट, आपल्याच गावची पोर. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

शंका फक्त सोपानरावांना होती, तीही वेगळीच. पोरीला घेऊन ते अध्यक्षांच्या ओसरीवर आले. मीही तिथेच चहा पीत होतो. "अध्यक्ष, तुमी साक्षीला," ते म्हणाले. "गावानं हिचा पिच्चर शेवटपर्यंत बसून बगितला तर ही खरी. जाऊ दे तिकडं पुन्याला. पन गाव मधून उठलं, तर क्यामेरा माळ्यावर, आन् चकलांब्याचं स्थळ आलंय ते पक्कं." पोर माझी विद्यार्थिनी, तिचा रंग उडालेला मला दिसला. तरी ती म्हणाली, "कबूल." अध्यक्षांनी मान हलवली.

सिरसाळ्यातलं मंगल कार्यालय घेतलं. फ्लेक्सवर 'सहकुटुंब सहपरिवार यावे' असं छापलं. आमच्याकडे पाहुण्याला उपाशी बसवत नाहीत, म्हणून आधी पंगत उठली: बुंदी, वांग्याची भाजी, वरणभात आणि पिंपभर मठ्ठा. मग खिडक्यांवर कार्यालयातल्या सतरंज्या टांगून भर दुपारी अंधार केला. आवाजासाठी लग्नातला डीजेवाला सांगितला होता. पुढच्या सोफ्यावर मध्ये अध्यक्ष, त्यांच्या शेजारी आमचे कीर्तनकार महाराज. महाराजांनी दिवा लावला आणि न बघितलेल्या सिनेमाला 'संस्कारक्षम' म्हणून आशीर्वाद दिला. मी टाळ्या मागितल्या, त्याही मिळाल्या.

सुरुवात फार गोड होती. हळद झाली, रुखवत झालं, मुलीच्या पाठवणीच्या आठवणीने बायका डोळे पुसू लागल्या. मग पडद्यावर पंगत बसली आणि वाढप्याने मठ्ठा वाढला. नवरदेवाने तीन ग्लास रिचवले. अक्षता पडायच्या आत त्याच्या पोटातून आवाज आला. साधा आवाज असता तर खपलाही असता, पण तो डीजेच्या स्पीकरांच्या भिंतीतून आला. माझ्या पायाखालची फरशी हादरली. पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते लिहायला मला आजही जड जातं. नवरदेव बाशिंगासकट उसात पळाला. त्याच्यामागे त्याचा मामा, मामामागे सगळं वऱ्हाड. पडद्यावरच्या कार्यालयाला संडास एकच, आणि त्यात नवरीचा बाप कडी लावून बसलेला. पाणी संपलं म्हणून त्याने दाराखालून पत्रिका मागितल्या. सोनेरी गणपतीच्या पत्रिका! एवढ्यावर भागलं असतं तर बरं. वरमाय बँडवाल्याच्या कर्ण्यात ओकली, बँडवाल्याने ते बघितलं नाही, आणि लग्नाला कुणी साहेब आले म्हणून त्याने छाती भरून फुंकर मारली.

सभागृहातून 'अगं आई गं' असा एकच आवाज उठला. एवढ्या माणसांना एकाच वेळी धक्का बसलेला मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. बायकांनी पदर तोंडाला लावले. त्यांना मळमळत होतं की हसू येत होतं, देव जाणे. आयांनी पोरांचे डोळे झाकले आणि पोरं बोटांच्या फटींतून बघत खुर्च्यांवर नाचू लागली. तिसऱ्या रांगेतला एकजण तोंड दाबून बाहेर पळाला. त्याच्यामागे दुसरा पोट धरून पळाला, त्याने मघाशी मठ्ठा जरा जास्तच घेतला होता. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तर मी हाय! मला सांगितलं बैल मागं लागलाय, पळ!" "गप बस बे," दुसरा म्हणाला, "मला तर देवदर्शन म्हनून डोळं मिटाय लावलं व्हतं." पडद्यावर तो बिचारा उसाच्या कडेला डोळे मिटून कृतार्थ चेहऱ्याने बसलेला दिसत होता.

बायकांची बाजू पिशव्या घेऊन अर्धी उभी राहिली. पुरुषांनी पायांनी चपला चाचपल्या. आणि मग सवयीने सगळ्यांनी पुढच्या सोफ्याकडे बघितलं. अध्यक्ष बसलेले होते. उभी राहिलेली माणसं एकेक करून परत टेकली.

महाराजांनी उपरणं डोळ्यांवर ओढलं होतं, अधूनमधून ते जरासं खाली घसरत होतं. ते अध्यक्षांच्या कानाशी लागले, "अध्यक्ष, उठायचं का?" मी बाजूलाच उभा होतो, म्हणून उत्तर ऐकलं. "आभार व्हायचेत आजून." पण माणसाची अवस्था बघवत नव्हती. कपाळावरून घामाच्या धारा, तोंड उघडं, दोन्ही हात सोफ्यात रुतलेले. कर्ण्याच्या वेळी तर ते इतके पांढरे पडले की मला डॉक्टरला हाक मारावीशी वाटली. मग लक्षात आलं, ते पडद्याकडे कमी आणि मागच्या दाराकडे जास्त बघत होते. दारात सोपानराव हाताची घडी घालून उभे होते, किती माणसं उठतात ते बघत. आणि प्रोजेक्टरजवळ मनीषा आपल्या बापाकडे बघत होती.

सिनेमा संपला. सतरंज्या निघाल्या. उजेडात कुणी कुणाकडे बघेना. टाळी तर सोडाच, खोकलासुद्धा ऐकू येईना. गाव बसलं होतं खरं, पण ते अध्यक्षांना बघून; लाज गेली म्हणून सोपानराव आता पैज कसली मानतात! मी अध्यक्षीय समारोप पुकारला. ते हळूहळू माइकजवळ आले.

"मंडळी," ते म्हणाले, "शिनेमा घाण हाय." मनीषाने मान खाली घातली. "लई घाण हाय. मला तीनदा मळमळलं." त्यांचं ठरलेलं भाषण हे नव्हतं, आणि पुढचं तर मी स्वप्नातही ऐकलं नसतं. "पन खोटा न्हाई. माझ्या सोताच्या लग्नात आसंच झालतं. मठ्ठ्यानंच. बाशिंग डोक्याला, आन् मी वऱ्हाड सोडून उसात गेलतो. अक्षता थांबल्या माझ्यापाई. ते लगीन बगितलेली मानसं आता मातीत गेली, म्हनून आजवर झाकून ऱ्हायलं. ह्या पोरीनं उगडं केलं. आता लाज आसंल तर ती माझी हाय, तिची न्हाई."

सिनेमाने बसला नव्हता एवढा धक्का गावाला आता बसला. महाराजांच्या डोळ्यांवरचं उपरणं खाली पडलं ते त्यांनी उचललंच नाही. पांढऱ्या टोपीतला, माळकरी, आमचा अध्यक्ष माइकवर उभा राहून हे बोलत होता! माइक ओढून घ्यावा असं वाटलं.

आणि बायकांच्या बाजूने हसू फुटलं. अध्यक्षांच्या पत्नी, साऱ्या गावाच्या काकू, हसत होत्या. पदर न लावता, मांडीवर थाप मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांच्या शेजारची हसली, मग रांग हसली, आणि बघता बघता आख्खं कार्यालय गडगडून हसायला लागलं. कर्णा आठवून हसत होते, गणपतीच्या पत्रिका आठवून हसत होते. दारात सोपानराव उकिडवे बसले आणि पटक्याच्या सोग्यात तोंड लपवलं. खांदे मात्र गदगदा हलत होते. मी आभार मानताना ते पोरीजवळ गेले. "अध्यक्षाचं झालं तितं आपल्याला कसली लाज," ते म्हणाले. "जा तू पुन्याला. चकलांब्याला निरोप धाडतो मी."

अध्यक्षांना मात्र ही गोष्ट महागात पडली. कुणीतरी त्यांचं भाषण मोबाइलवर घेतलं होतं, ते तालुकाभर फिरलं. लग्नात वाढपी त्यांच्यासमोर मुद्दाम विचारू लागले, "अध्यक्ष, मठ्ठा वाढू का?" उद्घाटनाची बोलावणी आटली. शेवटी हरिनाम सप्ताहाच्या समितीनेही, असं माइकवर बोलणारा माणूस देवाच्या कामात नको, म्हणून त्यांना बाजूला केलं. वर्षानुवर्षं सप्ताहाला पहिला नारळ त्यांच्या हातचा फुटायचा. मला त्या मंडळींचा आजही राग येतो, आणि तो मी तोंडावर बोलूनही दाखवला आहे. अध्यक्ष मात्र म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर. खुर्ची त्यांची. उठ म्हनले, उठलो." त्या साली कीर्तनाला ते मागे, सतरंजीवर, पोराबाळांत बसले. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या थंडीत छातीत कळ आली, अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं, आणि तिथून ते परत आले नाहीत. दिवसकार्य झाल्यावर मनीषा आली. तिचं आता बरं चाललंय, दुसरा सिनेमा करायला घेतलाय. ती मला घेऊन काकूंकडे गेली. काकूंच्या पायाशी बसून म्हणाली, "काकू, मला अध्यक्षांवर सिनेमा करायचाय. त्या दिवशी त्यांनी लाज सोडून तुमच्या लग्नाचं सांगितलं, म्हणून मी आज उभी आहे. मला ते लग्न नीट सांगा ना. काय झालं होतं?"

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. "कसला मठ्ठा बाई?" त्या म्हणाल्या. "आमचं लगीन बहात्तरच्या दुष्काळातलं. पावन्याला गुळाचा खडा आन् घोटभर पानी. ताकाला म्हस तर पायजे घरात. आन् ऊस कुठला? त्या साली झाडाला हिरवं पान नव्हतं."

मनीषा माझ्याकडे बघू लागली, मी तिच्याकडे. एवढ्या वर्षांची आमची संगत, आणि मला पत्ता लागला नव्हता.

"म्हणजे ते... खोटं बोलले?" तिने कसंबसं विचारलं. "मग काकू, तुम्ही एवढ्या हसलात कशाला?"

"हसू न्हाई तर काय करू?" काकू म्हणाल्या. "भरल्या सभेत मानूस सोताच्या अंगावर घाण घेऊन हुबा ऱ्हायलेला, आन् कुनीच हसंना. मी नसते हसले, तर एकटे पडले असते ना ते."