आमच्या आत्याचे इंजिनघराणे

राजघराण्यांचा इतिहास सांगणारे जगात पुष्कळ असतील. पण मोटारीच्या इंजिनाच्या घराण्याचा इतिहास सांगून पाहुण्यांचा चहा थंड करणारी बाई एकच आहे आणि ती नाचणगावला राहते. ती माझी सख्खी आत्या. आयुष्यभर तिने शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर एक जुनी छोटी मोटार घेतली आणि तिथेच सगळे बिघडले. पुलगावचा मेकॅनिक बॉनेट उघडून सहज बोलून गेला, "बाई, गाडीचं नाव नवं हाये, पण इंजिन जुन्याच खानदानातलं." दुसरी कुणी 'असेल बापा' म्हणून घरी गेली असती. आत्याने 'खानदान' हा शब्द धरून ठेवला. खानदान म्हटले की मूळ पुरुष आला, शाखा आल्या, भाऊबंदकी आली. गॅरेजच्या बाकड्यांवर बसून, रद्दीतली मासिके चाळून, म्हातारपणी मोबाइल शिकून तिने ती सगळी वंशावळ खणून काढली.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणे परदेशातला, दोन सिलिंडरांचा आणि तब्येतीने किरकोळ. त्याच्या वंशातला तीन सिलिंडरांचा थोरला कार्बोरेटर घेऊन आपल्या देशात आला आणि इथल्या धुळीत असा रमला की परत जायचे नावच काढेना. त्याच्या पाठचा लहाना चार सिलिंडरांचा, अंगाने हलका, नव्या शिक्षणाचा. गॅसवर चालणाऱ्या शाखेला आत्या 'माळकरी' म्हणते. वर्ध्याच्या बाजारात एखादी गाडी सुरू झाली की हातातली वांगी तशीच ठेवून ती कान टवकारते आणि "थोरल्याचा नातू!" असे ओरडते. ड्रायव्हर दचकून स्वतःच्याच आजोबांचा विचार करू लागतो. माझ्या चुलत बहिणीला पाहायला आलेल्या मुलाचा पगार, शेती, व्यसन यातले काहीच आत्याने विचारले नाही. "तुमच्या गाडीत लहान्याचं इंजिन हाये, मालूम हाये का तुमाले?" एवढेच विचारले. मुलगा म्हणाला, "आमची गाडी माझ्या लहान भावाची नाही हो, माझीच आहे." आत्याने मान हलवली आणि आत जाऊन निकाल दिला, "पोरगा चांगला हाये, पण वाचन कमी." लग्न झाले, मात्र जावईबापू अजूनही सासुरवाडीला बसने येतात.

या इतिहासाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ. त्यांना ती 'लहान्या'च म्हणते. तिने 'कार्बोरेटर' म्हणताच ते चपला शोधू लागत. "बाई, घराणं इंजिनाचं, अन् जीव आमचा काऊन घेऊन राह्यली?" असे म्हणत ते जे बाहेर पडत ते जेवायलाच परतत. पुरा इतिहास त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात वडिलांच्या हृदयाची झडप खराब निघाली. सेवाग्रामच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली. सकाळी स्ट्रेचर आले आणि वडिलांनी खाटेचा दांडा धरला. "मी नाई जात आत. मले घरी घेऊन चाल." आईने समजावले, डॉक्टरांनी समजावले, मी हातापाया पडलो. दांडा सुटेना. तेवढ्यात आत्या पोचली. शेजारच्या स्टुलावर बसून तिने दांड्यावरच्या भावाच्या हातावर आपला हात ठेवला.

"व्हॉल्व्हच खराब झाला नं? बाकी तं सारं चांगलं हाये. मंग घाबरून काऊन राह्यला?" आणि तिने सुरू केले. या वेळी वडिलांना चपला घालून जाता येण्यासारखे नव्हते. "लहाना आला तवा चढावर दमे. लोकं म्हणत, हा काई टिकत नाई. थोरला होता नं, त्याचं नाव घेऊन लहान्याले हसत. मंग त्याले उघडलं. सारा खोलला. व्हॉल्व्ह बदलले, नवे बसवले."

वडिलांची बोटे सैल झाली होती. "मंग?" त्यांनी विचारले. हा प्रश्न त्यांनी तिला उभ्या आयुष्यात विचारला नव्हता. आत्याचाही क्षणभर विश्वास बसला नाही.

"मंग काय झालं ते तू बाहेर आल्यावर सांगते. जाऊन येजो."

आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी वडील नीट बोलू लागले तेव्हा आम्हा दोघांना आत सोडले. आवाज अगदी खोल गेला होता. "बाई, मंग लहान्याचं काय झालं?"

मी आत्याकडे पाहिले. त्या लहान्याचे पुढे काय झाले हे मला तोंडपाठ होते. प्रदूषणाचे नियम कडक झाले, नवी इंजिने आली आणि कंपनीने ते बनवणेच थांबवले. साध्या गप्पांतही चुकीचे साल सहन न करणारी माझी आत्या भावाच्या अंगावरचे पांघरूण सारखे करत म्हणाली, "काय व्हते त्याले? धावून राह्यला अजून."

वडील हसले आणि झोपले.

परत येताना गाडी तीच चालवत होती. न राहवून मी म्हणालो, "आत्या, पण ते तर बंद झालं ना?"

"चूप बस," ती म्हणाली. चष्म्याआडून गालावर ओघळलेले तिने पदराने टिपले आणि गिअर बदलला. देवळी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. इतकी वर्षे तिच्या शेजारी बसून प्रवास केला, पण त्या गाडीच्या इंजिनाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.