दिमाबाईचा रविवार

वहिनीशी माझं शेवटचं नीट बोलणं झालं ते घरासमोरच्या सपरीत, म्हणजे पडवीत. धान निसवलं होतं, लोंब्या नुकत्याच बाहेर पडल्या होत्या, दुपारच्या उन्हात शेतातल्या बांध्यांकडून तो दुधाळ वास येत होता, आणि ती बाजेवर उशीला टेकून रस्त्याकडे बघत होती. मी शाळेतून येऊन सायकल लावली तशी तिनं हात हलवून जवळ बसवलं. म्हणाली, ''भाऊजी, मले जाळू नका. माती द्या. अन् माझं गाणं कोणीतरी म्हणा... दार लावून नाई, बाहेर.''

मी म्हटलं, ''बरं.''

ती हसली. ''तुम्ही 'बरं' म्हणता अन् मग चूप बसता. तीस वर्सं झाली पाहून राहिली मी.''

पुढच्या आठवड्यात ती गेली. आता धान कापून झालं, आणि मला वाटतं, हे लिहून टाकायला हवं. मी फार बोलणारा माणूस नाही. पण तिचा टोमणा खरा होता.

करडी गावात, आमच्या टोलीत, म्हणजे बौद्ध वस्तीत, तिला सगळे दिमाबाई म्हणत. तिचं खरं नाव दिम झा नुआम. ब्रह्मदेशातल्या चिन डोंगरांत, तेदिम गावाच्या वरच्या अंगाला तिचं गाव होतं. आडनाव त्यांच्यात नसतंच. आजीच्या नावाचा शेवटचा शब्द नातीच्या नावाचा पहिला शब्द होतो. अशी नावं एकमेकांचा हात धरून खाली उतरत जातात. वहिनीच्या आजीचं नाव 'दिम'वर संपत होतं. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, सीमेकडच्या डोंगरांत रस्ते बांधणाऱ्या खात्यात मशीन चालवायचा. तापानं पडला तेव्हा तिथल्या छोट्या दवाखान्यात सेवा करणारी ही मुलगी नदी ओलांडून अलीकडे आलेली होती. पुढचं तो कधी सविस्तर सांगायचा नाही. विचारलं की म्हणायचा, ''तिनं सुई टोचली अन् मी उठून बसलो, झालं.'' एक दिवस तिला घेऊन तो भंडारा रोड स्टेशनावर उतरला. तिच्याजवळ एक ट्रंक, आणि कापडात गुंडाळलेल्या बांबूच्या काड्या. तो तिचा विणायचा हातमाग होता, हे आम्हाला नंतर कळलं. त्याचं एक टोक सपरीच्या खांबाला बांधायचं आणि दुसरं पट्ट्यानं स्वतःच्या कंबरेला. ती मागे रेलली की सूत ताणलं जायचं. आमच्या माईला तिनं पहिल्याच वर्षी काळ्या जमिनीवर लाल-पिवळ्या पट्ट्यांची चादर विणून दिली. माई म्हणायची, ''ही सून आंगालेच घर बांधून आणते.''

आता ते, जे मी कधी सांगितलं नाही. दादा आठवडाभरात ड्यूटीवर परतला आणि जाताना मला म्हणाला, ''तू शिकलेला हायेस, टोलीले तू सांग तिच्याबद्दल.'' मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो, विहाराच्या कमिटीतही नवाच होतो. पौर्णिमेला विहारात उभं राहून मी जरा जोरातच सांगितलं की वहिनी ब्रह्मदेशची, म्हणजे बुद्धाला मानणाऱ्या देशातली. लोक खूश झाले. आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला. आणि ही तर, सगळ्यांना वाटलं, जन्मापासून त्यातलीच. म्हाताऱ्यांनी आग्रह धरला, तिकडच्या पद्धतीनं वंदना म्हणून दाखव. तिला तेव्हा मराठी येत नव्हतं, पण 'गाणं' एवढं कळलं. ती उठली, डोळे मिटले आणि तिच्या भाषेत गायली... हळू, डोंगर चढताना दम राखून म्हणावं तसं. एक म्हातारबाबा डोळे पुसत म्हणाले, ''असल बर्मी पाली हाय हे. आपले उच्चार चुकून राहिले.''

संध्याकाळी चुलीजवळ तिनं मोडक्या हिंदीत मला विचारलं, ''भाऊजी, वो यीशू का गाना था. गलत हुआ?''

मी म्हणालो, ''किसी को मत बताना.'' मग रविवारी सकाळी ती घरात गुणगुणायला लागली तेव्हा मीच म्हटलं, जरा दार लावून म्हणत जा. तेव्हापासून रविवार आला की ती आतल्या खोलीत जायची, दार लावायची, कडी घालायची नाही. तासाभरानं बाहेर यायची ती हसतच, आणि थेट चहा मांडायची. मी पुढे कमिटीचा सचिव झालो. तिला विहारात पहिल्या रांगेत जागा होती, ती यायची, हात जोडून बसायची, सगळ्यांसोबत खीर वाढायची. तिला त्यात काही खोटं वाटलं नसावं. ती दुसऱ्याच्या घरी पाहुणी जावी तशी मान देऊन बसायची. खोटं होतं ते माझ्याकडून. मला भीती होती की लोक म्हणतील, सचिवाच्या घरातच असं... आणि दादाचं नाव निघेल. सांगायला दरवर्षी एखादी वेळ यायची आणि मी 'बरं' म्हणून चूप बसायचो.

पण हे सगळं लिहिताना ती दुःखी होती असं कोणाला वाटू नये. ती आमच्या घरात सगळ्यात कमी कुरकुर करणारी बाई होती. पहिल्यांदा बाजारात अंबाडीची जुडी दिसली तेव्हा ती भाजीवालीसमोर उभी राहून हसतच सुटली; तिच्या गावीही हीच आंबट पाल्याची भाजी रोज चुलीवर असायची. तिनं त्यात सुके झिंगे घातले आणि माईनं पहिल्या घासालाच तिला आपलं म्हटलं. दादा वारला तेव्हा ती पुष्कळ दिवस मागाला बसली नाही, मग एका सकाळी पट्टा कंबरेला लावून बसली आणि मला म्हणाली, ''सूत ढिलं ठेवलं तर गाठी पडतात, भाऊजी.'' मुलाचं, विशालचं, लग्न नाकाडोंगरीच्या मुलीशी झालं, नात झाली, तेव्हा तिनं एकच गोष्ट हट्टानं मागितली. नातीचं नाव 'नुआम'नं सुरू व्हायला हवं. तिच्या भाषेत नुआम म्हणजे सुख, मजेत असणं. सुनेनं आनंदानं ठेवलं. टोलीनं त्याचं 'नुआमी' केलं. अलीकडे तिच्या डोंगरांत पुन्हा लढाई पेटली, गावातली माणसं नदी ओलांडून अलीकडे आली. फोन लागला की ती तासन्‌तास बोलायची, मग ट्रंकेतली कापडं काढून उन्हात टाकायची आणि पुन्हा घडी करून ठेवायची.

एक दुपार मला लख्ख आठवते. मी आत पेपर तपासत होतो. सपरीत माई आणि वहिनी अंबाडी खुडत होत्या आणि शेजारची सखुबाई नेहमीसारखी खांबाला टेकून डोळे मिटून बसलेली. मला वाटलं, झोपली. वहिनी आपल्या आजीची गोष्ट सांगत होती. आजीच्या लहानपणी त्यांच्या घरासमोर बळी दिलेल्या मिथुनांच्या कवट्या टांगलेल्या असत. मिथुन म्हणजे त्यांच्याकडचा जंगली बैलासारखा मोठा प्राणी. डोंगरातल्या, झऱ्यांतल्या भुतांना तो बळी. आजार आला की भूत मागायचं, माणसं द्यायची. त्यांच्याच डोंगरातल्या एका माणसाला स्वप्नात नवी लिपी आणि नवी पूजा दिसली, काहींनी ती धरली; मग पाद्री आले, काहींनी ते धरलं. ''आजीनं एका दिवशी सगळ्या कवट्या खाली काढल्या,'' वहिनी म्हणाली. ''तिची आई रडली. आता भूत येईल म्हणे. रातभर बसली वाट पाहत. कोणीच नाई आलं.''

माईनं खुडता खुडता विचारलं, ''मंग?''

''मग सकाळी भात शिजवला.''

माई हसली. ''माह्या सासूनं बी देव बोडीत सोडले. पान्याच्या काठावर उभी राहून म्हने, बुडते का तरंगते पाह्यतो. बुडले. मंग घरी येऊन भाकर टाकली.''

दोघी पुष्कळ वेळ हसत राहिल्या. मी आत लाल पेन हातात धरून बसलो. घरात माईला ठाऊक आहे, एवढं मला तेव्हा कळलं. कुंपणाबाहेर मात्र कोणालाच नाही, असं मी धरून चाललो.

वहिनी गेली त्या दिवशी सकाळपासून अंगण भरलं. पोरं सरणाची लाकडं आणायला निघाली तेव्हा मी विशालकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्याला तिनं सांगितलंच असणार. पण तिनं काम मला दिलं होतं. मी उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. की ती ख्रिस्ती होती. पहिल्या पौर्णिमेला विहारात म्हटलं ते येशूचं गाणं होतं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि मी लपवलं, तिलाही लपवायला लावलं. तिला माती हवी आहे.

मग कमिटीतला राजू, माझाच जुना विद्यार्थी, म्हणाला, ''इतके वर्सं आमाले काहून नाई सांगतलं, गुरुजी? आमी का खाल्लं असतं तिले?''

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी तिचा धर्म लपवत नव्हतो. मी माझ्या माणसांना लहान समजत होतो. हे मला अंगणात उभं असताना कळलं.

सखुबाई खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, ''जाऊ दे रे राजू. थो भेला होता. आन् सांगाले का होतं त्यात? दर आयतवारी आयकतच होतो ना आमी.'' मग माझ्याकडे बघून, ''दार लावलं म्हून का गानं आत राह्यते, बाबू?''

शेताच्या कडेला, बांधीच्या धुऱ्याजवळ, मोहाच्या झाडाखाली तिला माती दिली. तिनंच विणलेल्या काळ्या पट्ट्यांच्या कापडात तिला गुंडाळलं होतं. भंडाऱ्याहून आलेल्या पाद्रींनी मराठीत प्रार्थना म्हटली, आमच्या लोकांनी त्रिशरण म्हटलं. मग गाण्याची वेळ आली आणि पाद्री थांबले. तिच्या भाषेतलं त्यांना येत नव्हतं. विशाललाही शब्द येत नव्हते. तेवढ्यात सखुबाईनं सुरुवात केली... शब्द नाहीत, नुसती चाल. तिच्यामागून शेजारच्या दोन बायकांनी धरली, मग राजूच्या आईनं. डोंगर चढताना दम राखून म्हणावी तशी ती चाल, निसवलेल्या धानावरून जात राहिली. सगळ्यांना ती येत होती. मला एकट्याला येत नव्हती, कारण रविवारी ती सुरू झाली की मी सायकल काढून बाहेर जायचो.

अजून सपरीच्या खांबावर मागाच्या दोरीनं पडलेली खाच आहे. सखुबाई रविवारी सकाळी भाजी घेऊन येते आणि तिथेच पाठ लावून बसते. इतकी वर्षं मला वाटायचं, ती सावलीसाठी येते. आता मी रविवारी कुठे जात नाही. चहा मांडतो, आतल्या खोलीचं दार उघडतो, हलू नये म्हणून फटीत वीट ठेवतो, आणि सखुबाईजवळ खाली बसतो. ती एक काडी खुडते, एक ओळ म्हणते, आणि माझ्यासाठी थांबते.