रेडिओनं बातमी फोडली

मंडळी, मी बोलतेय, नात लिहून घेतेय. मला अक्षरओळख नाही.

आज बागबाजारात मुलानं ह्यांच्या मागे राहिलेल्या अँबॅसेडरमध्ये रेडिओ बसवून घेतला. दिसायला जुना, पण म्हणे मुलाच्या फोनला जोडलेला.

मी गाडीत बसून बटण पिळत होते. बाहेर मुलाचा फोन वाजला. तो फोन कानाला लावून "हॅलो, हॅलो" करतोय आणि आत रेडिओ म्हणतो, "गाड़ी रविवार को ले जाऊँगा. माँजी को बता दिया?"

"माँजी को अभी पता चला!" मी म्हटलं.

मुलगा धावत आला. "आई, तू ऐकलंस?"

"अरे, ऐकायलाच बसवलास ना?"

गाडी विकायचीच होती तर रेडिओ कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळतंय? आणि रविवारी मी गाडीतून उतरलेच नाही, तर तो माणूस मलाही नेईल का?