भाऊंचा रुपया आणि माझा मदरबोर्ड

आधीच कबूल करते, तुमचे इथले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि हसते. झाडाखालची बाई काय, पाठून येणारी पावलं काय... माझा कशावरच विश्वास नाही. मी चारकोपला घरी बसून व्हिडिओ एडिटिंग करते, माझ्यासाठी क्लायंट हेच भूत. पण मागच्या वर्षी एका रविवारी भर सकाळी जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

त्या दिवशी संध्याकाळी सहाला भाऊंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम होता. भाऊ मूळचे मालवणकडचे, आयुष्य गिरणीत गेलं. पण दर वर्षी रजा टाकून गावच्या जत्रेला जायचे आणि दशावतारात राजा व्हायचे. त्याची एक जुनी व्हिडिओ कॅसेट चुलत्यांच्या माळ्यावर सापडली, बुरशी लागलेली. भाऊंनी स्वतःला स्टेजवर कधीच पाहिलं नव्हतं. "मी कसो दिसत होतंय, देवाक ठावक," असं नेहमी म्हणायचे. मी ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि दोन महिने चोरून चित्र साफ केलं. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवून त्यांना चकित करायचं होतं.

शनिवारी शेवटची फाइल तयार व्हायला लावून झोपले... आणि सोसायटीची लाइट गेली. सकाळी साडेदहाला उठून बघते तर सगळं शून्यावर. वाट लागली! परत सुरू केलं तर आठ तास, म्हणजे कार्यक्रम सुरू झाल्यावर मी घरातच.

मग मी ठरवलं, ओव्हरक्लॉक करायचं. म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बायोसमध्ये जाऊन प्रोसेसर आणि रॅमला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. माझा नवरा संदीप म्हणाला, "दोन्ही एकदम नको वाढवूस. एक एक करून बघ ना यार."

"वेळ आहे का तुझ्याकडे?" मी खेकसले आणि दोन्ही एकदम वाढवले. प्रोसेसर पाच पॉइंट एकवर, रॅम अडतीसशेवर. स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, बाकी काही नाही.

प्लग काढला, कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डवर बटणासारखा एक गोल सेल असतो, त्याच्यावर घड्याळ आणि सेटिंग टिकतात. तो थोडा वेळ काढून ठेवला की सगळं पुसलं जाऊन बोर्ड मूळपदावर येतो. सेल काढून टेबलावर ठेवला आणि मी चक्क रडायला लागले.

तेवढ्यात भाऊ आंघोळ करून आले. "काय गो, रडतस कित्याक?"

"कॉम्प्युटर बंद पडलाय, भाऊ. आजचंच काम आहे." कुठलं काम ते कसं सांगणार?

"मगे गाराणा घालूया."

आमच्याकडे काही अडलं की घरातला मोठा माणूस नारळ, विडा आणि विड्यावर रुपया ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतो. मी वैतागून म्हटलं, "भाऊ, हे मशीन आहे हो."

"गिरणीत पण मशीनाच होती गो. दसऱ्याक पूजा चुकली नाय कधी."

संदीपने ताट आणून टेबलावर कॅबिनेटशेजारी ठेवलं. भाऊंनी चष्म्याशिवायच चाचपत विडा मांडला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या माज्या चेडवान जा काय मांडल्यान हा, ता तडीस ने. काय वाकडा-नडा झाला असात तर पोटात घाल. तिका धावडवू नको. चलत चलत वेळेर पोचव."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो. स्वतःलाच मिळणाऱ्या भेटीसाठी माणूस गाऱ्हाणं घालत होता आणि त्याला पत्ताच नाही... मला रडता रडता हसू आलं.

ताट घेऊन भाऊ देव्हाऱ्याकडे गेले. कॅबिनेट बंद करून संदीपने प्लग लावला आणि कॉम्प्युटर चालू झाला!

बायोसमध्ये गेले. तिथे मूळ सेटिंग हवी होती. पण प्रोसेसर चार पॉइंट सातवर आणि रॅम चौतीसशे सहासष्टवर. हे आकडे मी आयुष्यात कधी टाकले नव्हते. माझ्यापेक्षा कमी, कंपनीपेक्षा जास्त... चलत चलत. तारीख बरोबर, वेळसुद्धा मिनिटाला बरोबर. पण विचार करायला सवड कुणाला होती? साडेअकराला फाइल लावली, साडेपाचला तयार. आठ तासांचं काम सहा तासांत!

हॉलमध्ये दिवे मंद झाले, पडद्यावर मुकुट घातलेले चाळिशीतले भाऊ आले. भाऊ खुर्चीतून उठले आणि पडद्यावरच्या राजाच्या बरोबरीने सगळं भाषण खणखणीत म्हणायला लागले. एक शब्द चुकला नाही. अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता आणि मी भोकाड पसरून रडत होते. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, संदीपला सांगू नका.

सोमवारी देव्हारा पुसायला घेतला. ताटात रुपया कडेला तसाच पडलेला. आणि विड्यावर, हळद-कुंकू लावलेला, माझा सेल!

मला वाटलेलं संदीपने बसवला, संदीपला वाटलं मी. भाऊंनी रुपया समजून टेबलावरून उचलला होता. म्हणजे मशीन सेलशिवाय चाललं होतं.

रिपेअरिंग करणारा एक मित्र म्हणाला, "काही बोर्डांत सेटिंग चिपवर राहते, पण हे आकडे आले कुठून? आणि घड्याळाला सेल लागतोच." मी रोज काम संपलं की प्लग काढते. वर्ष झालं, वेळ एकदाही चुकलेली नाही. तेच आकडे मित्राने सेम टू सेम बोर्डवर टाकून बघितले, स्क्रीन काळी.

काल शेवटी भाऊंना सगळं सांगितलं. रुपया नव्हता तो, कॉम्प्युटरचा सेल होता म्हणून.

ते आपल्या सिनेमाची फाइल बघत होते, बहुतेक शंभराव्यांदा. मान न वळवता म्हणाले, "देवान घेतल्यान ना? मगे आता मागू नको."

मी मागितला नाहीये. सेल देव्हाऱ्यातच आहे, आणि माझ्याकडे स्पष्टीकरण नाही ते नाहीच.