अंथरुणावरचा साक्षीदार

खुनाच्या, दरोड्याच्या कितीतरी केसेस मी तपासल्या आणि त्यातल्या बऱ्याच आता विसरलोही. गडहिंग्लज भागातली एक साधी घरफोडी मात्र अजून डोक्यातून जात नाही. तेव्हा मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती.

फिर्याद द्यायला एक मुलगी आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, सोबत थोरला भाऊ. कपाटातून तिचा पासपोर्ट चोरीला गेला होता. जर्मनीतल्या एका रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत तिला प्रवेश मिळाला होता, पासपोर्टवर व्हिसा लागला होता आणि विमान आठवड्यावर आलं होतं. ती रडत नव्हती. ठाणे अंमलदाराला तिने सगळं क्रमाने सांगितलं. भाऊच मध्ये मध्ये जोरात बोलत होता.

"साहेब, कुणी केलंय ते आमास्नी ठाऊक हाय. तिचं लगीन ठरलं हुतं, मोडलं. त्यो पोरगाच हाय."

मी पंचनाम्याला स्वतः गेलो. गावाच्या कडेला उसाला लागून घर. आई वारलेली. वडील अर्धांगवायूने अंथरुणावर. मुलगी कोल्हापुरात दवाखान्यात नोकरीला होती, ती वडिलांना झटका आला तेव्हा नोकरी सोडून घरी आली. त्यांना अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं सगळं तीच करायची आणि ते झालं की मोबाईलवर जर्मन शिकायची. घरात याशिवाय भाऊ आणि वहिनी. चोरी झाली त्या दुपारी मुलगी कोल्हापूरला गरम कपडे आणायला गेली होती, वहिनी शेतात वैरणीला आणि भाऊ गुऱ्हाळावर होता. घरात फक्त म्हातारा.

मागच्या दाराचा कोयंडा निघाला होता. पण तो पहारीने उचकटलेला नव्हता. स्क्रू सावकाश फिरवून काढले होते आणि खिडकीत एका जागी ठेवले होते. कपाटात वहिनीच्या पाटल्या होत्या, त्यांना कुणी हात लावला नव्हता. चोर स्क्रू काढत बसत नाही, आणि काढलेच तर ते हरवू नयेत म्हणून जपून ठेवत नाही. दार आपलं असलं की मोडतानाही माणसाचा हात जपून चालतो.

तरी नाव आलं होतं म्हणून त्या मुलाला ठाण्यात बोलावलं. साधा पोरगा, दुधाची गाडी चालवायचा. म्हणाला, "साहेब, लग्न तिनं मोडलं न्हाई, मी मोडलं. तिला म्हटलं, तू जा, हितं राबून मरशील. मी कशाला चोरू?" तो खरं बोलत होता. त्याला सोडलं. पण पोलीस ठाण्याच्या पायरीवर दिसलेला माणूस गावाच्या लेखी सुटलेला नसतो. त्याची दुसरीकडे चाललेली सोयरीक त्या एका दिवसात मोडली. ती पुन्हा जुळली नाही.

माझा खरा संशय वहिनीवर होता. नणंद गेली की सासऱ्याचं सगळं तिच्याच गळ्यात पडणार, हे कुणीही सांगितलं असतं. मी तिला दोनदा खोदून विचारलं. "मला ठाऊक न्हाई" यापलीकडे ती गेली नाही.

तिसऱ्या दिवशी डेअरीला दूध घालून ती आपणहून ठाण्यात आली. हातात रिकामी किटली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"साहेब, माझ्यावर संशय हाय नव्हं तुमचा?"

मी समोरची फाईल मिटली.

"असू दे की. पण घरातल्या सगळ्यास्नी इचारलासा, अप्पास्नी इचारलं न्हाई."

"त्यांना बोलता येत नाही ना?"

"कोण म्हणतंय? बोलत्यात की. आमास्नी कळत न्हाई एवढंच. वन्संस्नी कळतंय."

"बाई, तुम्हाला काय माहीत आहे ते सरळ सांगा."

"मी कुंकवाच्या धन्याविरुद्ध जबाब देणार न्हाई, साहेब. अप्पास्नी इचारा." असं म्हणून ती निघाली. दारात थांबून म्हणाली, "म्हाताऱ्याचं मी करीन की. मी कधी न्हाई म्हटलं? तिला जाऊ दे."

मी लगेच जीप काढली. कपाट ज्या खोलीत होतं त्याच खोलीत म्हाताऱ्याची खाट होती. पंचनाम्यात आम्ही खाट लिहिली होती, खाटेवरच्या माणसाला विचारलं नव्हतं.

फिर्यादीनेच साक्षीदाराच्या बोलण्याचा अर्थ सांगावा, हे नियमाला धरून नव्हतं. पुढे डॉक्टरांसमोर रीतसर जबाब घेतला. पण त्या वेळी त्यांचं बोलणं कळणारं दुसरं माणूस गावात नव्हतं. मुलगी खाटेवर बसली, पाठीशी उशी लावून तिने त्यांना टेकवून बसवलं. तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती नॅपकिनने टिपत राहिली. महिला हवालदार लिहायला बसल्या.

मी विचारलं, "त्या दुपारी तुम्ही जागे होता?"

घशातून एक आवाज आला. मुलगी म्हणाली, "जागा होतो म्हणतायत."

"कोण आलं होतं?"

म्हातारा मुलीकडे बघत राहिला. मग थोडं बोलला. मुलीने नॅपकिनची घडी उलटी केली.

"म्हणतायत, अण्णा आला."

अण्णा म्हणजे तिचा भाऊ.

"त्याने काय केलं?"

"पासपोर्ट काढला. नंतर मागं जाऊन कोयंडा खोलला." ती परीक्षेत उत्तर सांगावं तशी सांगत होती.

"तुम्ही त्याला अडवलं नाही?"

या वेळी म्हातारा लवकर बोलला. मुलीचा हात त्याच्या हनुवटीपाशी थांबला. हवालदार बाईंनी पेन उचलून तिच्याकडे बघितलं.

"म्हणतायत... मीच त्याला सांगितलं."

पुढचा प्रश्न मी विचारायच्या आत तिनेच विचारला. "का, अप्पा?"

तो बराच वेळ बोलत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं. एक हात तिच्या ओढणीला धरून होता. ती मान खाली घालून ऐकत होती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"लिहायलाच पाहिजे का, साहेब?"

"जबाब आहे, बाळ."

तिने नॅपकिन खाटेवर ठेवला. "म्हणतायत, तुझ्यासारखं मला कुणी उचलत नाही. दुसऱ्या कुणी उचललं की दुखतं. ही सवय तू लावलीस, आता तूच कर."

असं म्हणून तिने त्यांची ओढणीवरची बोटं एक एक करून सोडवली, उशी काढली, त्यांना कुशीवर वळवलं आणि पाठीला तेल लावायला घेतलं. त्याची वेळ झाली होती म्हणून. मी बाहेर आलो.

भाऊ गुऱ्हाळावर सापडला. काहिलीत रस उकळत होता. मी म्हटलं, "अप्पांनी सांगितलं सगळं." त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. खालच्या चुलवाणाकडे बोट केलं.

"टाकला त्यात. चिपाडाबरोबर जळला."

"बहिणीचं नुकसान कळतं का तुला?"

"आणि बापाचं? साहेब, ती तिथल्या परक्या म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढाय जाणार, आणि जन्म दिलेला बाप हितं कुजणार. ह्यो न्याव हाय?"

"तू किती वेळा काढलंस?"

तो चक्रावून माझ्याकडे बघत राहिला. "ते माझं काम हाय व्हय?"

त्याला अटक केली. खोटा बनाव आणि पासपोर्ट नष्ट केल्याची कलमं लावली. संध्याकाळी भावकीतले दहा-बारा जण ठाण्यात आले. घरातली भानगड घरात मिटवा म्हणाले. मुलीला समोर बसवून एकेकाने समजावलं. कुणी बापाची आठवण करून दिली, कुणी भावाची, कुणी गावच्या अब्रूची. तिचं काय गेलं, हे त्यांपैकी एकानेही विचारलं नाही. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फिर्याद माझी आहे. मागे घेणार नाही." मग घड्याळाकडे बघून उठली. म्हाताऱ्याला भरवायचं होतं.

नवा पासपोर्ट, नवा व्हिसा होईपर्यंत तिची जागा दुसरीला गेली. ती घरीच राहिली. वहिनीने खरोखर शिकून घेतलं, पण म्हातारा तिच्या हातचं खायचा नाही, तोंड मिटून घ्यायचा. जामिनावर आलेला भाऊ त्याच घरात जेवायचा, त्याच खोलीतून ये-जा करायचा. वर्ष सरल्यावर म्हातारा गेला. शेवटपर्यंत मुलीनेच केलं. पण त्या जबाबानंतर ती वडिलांशी एक शब्द बोलली नाही, हे मला वहिनीने सांगितलं.

केस कोर्टात उभी राहिली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीला गेलो. आवारात भाऊ, भावकी, सगळे होते. मुलगी आणि वहिनी थोड्या अंतरावर उभ्या होत्या. मुलीचा एक चुलता माझ्याजवळ आला. फेटा बांधलेला, वागायला सभ्य माणूस.

"साहेब, राग मानू नका, एक बोलतो. ह्या पोरानं त्यो कागद जाळला म्हणून आमच्या भावाला लेकीच्या मांडीवर मरण आलं. न्हाईतर बेवारशासारखा गेला असता. चूक म्हणा, पण पुण्यच लागलं की त्याला."

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. भावानेही, समाधानाने. हे सगळं मुलीला ऐकू गेलं. तिने वळून बघितलं नाही. पुकारा झाला तशी आत गेली आणि तिने साक्ष दिली, एकही शब्द न फिरवता. भावाला दंडावर सोडलं. तो भरून सगळे एकाच गाडीतून गावी गेले. या दोघी एसटीने गेल्या.

पुढे ती जर्मनीला गेली. भाषेची परीक्षा जुनी झाली म्हणून पुन्हा द्यावी लागली. सोडायला फक्त वहिनी गेली होती, नवऱ्याचा विरोध पत्करून. मुलगी अजून परतलेली नाही आणि परतेल असं मला वाटत नाही.

सगळी नोकरी मी एका समजुतीवर केली. खरं बाहेर काढायचं, एवढंच पोलिसाचं काम. ते बाहेर आलं की गुन्हेगाराची मान आपोआप खाली जाते. या केसमध्ये सगळं खरं बाहेर आलं. साक्षीदार होते, कबुली होती, निकाल लागला. गुन्हा कुणी केला, कुणी करवला, कुणासाठी केला, हे त्या गावात शेंबड्या पोराला माहीत होतं. आणि शरम कुणालाच वाटली नाही.